कपडे कुठे वाळत घातले?

पावसावर मी आजवर एकोणीस कविता लिहिल्या आहेत. मोजल्या म्हणून सांगतोय. त्यातल्या चार इंजिनिअरिंग कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आल्या. बाकीच्या फोनच्या नोट्समध्ये आहेत आणि त्या तिथेच राहाव्यात. या एकोणीसपैकी सतरा कवितांमध्ये कुणी ना कुणी भिजतं. छत्री दोनदा येते आणि दोन्ही वेळा ती मुद्दाम मिटली जाते. रेनकोट एकदाही येत नाही.

छापून आलेली एक कविता मी बाबांना दाखवली होती. बाबा भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. नुकतेच ड्यूटीवरून आले होते. त्यांनी कविता उभ्याउभ्या वाचली, अंक परत दिला आणि म्हणाले, "चांगली आहे. पण मग कपडे कुठे वाळत घातले?"

मला राग आला. कवितेतल्या माणसाचे कपडे कुणी वाळत घालतं का? बाबांना कविता कळत नाही, असा शेरा मी मनातल्या मनात मारला आणि अंक कपाटात ठेवून दिला.

आता वाटतं, माझ्या कवितेवर झालेली ती एकमेव खरी समीक्षा होती. पावसाबद्दलची कुठलीही कविता, सिनेमा किंवा चित्र समोर आलं की मी हल्ली हाच प्रश्न विचारून बघतो. हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकाने समजावला नाही. साडेसातशे रुपयांच्या एका पाँचोने समजावला. त्यामुळे आधी त्या पाँचोबद्दल बोलू.

*

मी कोथरूडला राहतो, ऑफिस बाणेरला. चांदणी चौक, बावधन, पाषाण असं साधारण दहा किलोमीटरचं अंतर. दोन वर्षांपूर्वी हे अंतर सायकलने कापायला लागलो. नोव्हेंबर ते मे मजेत गेले. जून आला आणि खरा प्रश्न उभा राहिला.

इंजिनिअर माणूस जे करतो तेच मी केलं. रिव्ह्यू वाचले, तक्ता केला आणि ब्रीदेबल म्हणजे 'श्वास घेणाऱ्या' कापडाचं एक महागडं जॅकेट घेतलं. पहिल्याच पावसात ऑफिसला पोचलो, जॅकेट काढलं, तर आतला शर्ट पिळून काढावा इतका ओला. जॅकेटमधून पावसाचा एक थेंबही आत आला नव्हता. सगळं पाणी माझंच होतं.

जॅकेट कुठल्या कंपनीचं होतं याला महत्त्व नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. हिशोब साधा आहे. सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यातला साधारण चौथा-पाचवा हिस्सा पेडलपर्यंत पोचतो. उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकायला शरीर घाम काढतं. १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मधे रबराचा थर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हीच अडचण आहे: बाहेरचं पाणी अडवलं की आतलंही अडतं. १९६९ साली बॉब गोअरने टेफ्लॉनसारखा पदार्थ झटक्यात ताणून त्याला अतिसूक्ष्म छिद्रं पाडली. या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, वाफ मात्र जाते. युक्ती अस्सल आहे. पण वाफ बाहेर जायला आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा पुरेसा जास्त लागतो. थंड, कोरड्या डोंगरावर तो असतो. जुलैतल्या पुण्यात हवा कोमट आणि आधीच पाण्याने भरलेली. त्यात जॅकेटच्या बाहेरच्या कापडावर पाण्याचा थर बसला की वाफेची वाट आणखीच अडते. बाहेरची हवाच जिथे ओली, तिथे कापड श्वास सोडणार कुठे?

मग पाँचो घेतला. काही दुकानदार त्याला केप म्हणतात. मधोमध डोकं घालायला भोक, त्याला टोपी आणि चारही बाजूंनी लोंबणारं कापड, एवढंच. बाह्या नाहीत, कमरेला पट्टा नाही, साइजही जवळजवळ नाही. पहिल्यांदा घालून आरशात पाहिलं तेव्हा गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या स्कूटरसारखा दिसलो.

पण सायकलवर बसल्याबरोबर त्या कापडाला अर्थ आला. पुढचा भाग हँडलवर टाकायचा, मागचा सीटच्या मागे सोडायचा, की अंगावर एक उतरतं छप्पर तयार होतं. खालची बाजू पूर्ण उघडी. पाय फिरतात तशी हवा खालून आत येते आणि घामाची वाफ घेऊन बाहेर जाते. जॅकेट जे काम कापडाच्या छिद्रांवर सोपवतं, ते पाँचो नुसत्या आकाराने करतो.

छप्पर पुढे का लागतं, याचंही गणित आहे. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने पडतो. मी ताशी अठरा किलोमीटरने चाललो, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. मग वारा अजिबात नसला तरी सरळ पडणारा पाऊस मला जवळजवळ अडतीस अंश तिरका लागतो. सायकलवाल्याचा पाऊस कायम समोरून येतो तो असा. छत्रीतली डोक्यावरची सावली इथे कामाची नाही. सगळ्यात आधी भिजतात त्या मांड्या. पाँचोचं छप्पर नेमकं त्यांच्यावर येतं.

मात्र तो काय करत नाही हेही सांगायला हवं. चाकाने खालून उडवलेल्या पाण्यापुढे तो निरुपयोगी आहे. चाकांना नीट मडगार्ड नसतील तर पाँचो घेऊ नका. बूट भिजतात, म्हणून मी सँडल घालतो आणि मोजे-बूट ऑफिसात ठेवतो. सीटखाली लावलेला लाल दिवा कापडाखाली झाकला जातो. तो खाली, मागच्या मडगार्डवर किंवा कॅरिअरवर लावावा लागतो. टोपी मानेबरोबर वळत नाही. मान वळवली की डोळ्यांसमोर टोपीची आतली बाजू येते आणि मागून येणारी बस दिसत नाही. वळताना हात दाखवला तर तो कापडातच राहतो. आणि वारा आडवा सुटला की छपराचं शीड होतं. या शिडाकडे मी परत येणार आहे, कारण त्याने मला एकदा जवळजवळ पाडलं होतं.

तरी मी पोचलो ते कोरडा. पावसाबद्दलच्या माझ्या डोक्यातल्या सगळ्या कल्पना हलल्या त्या याच एका शब्दाने: पोचलो.

*

आपल्याकडे पावसाबद्दल जे लिहिलं, दाखवलं जातं, त्यात सहसा दोनच माणसं असतात. एक खिडकीत बसलेला. त्याच्या हातात चहा, मनात आठवणी. दुसरा मुद्दाम भिजायला बाहेर पडलेला. पहिला कोरडा असतो कारण त्याला कुठे जायचं नसतं. दुसरा ओला असतो, त्यालाही कुठे जायचं नसतं. ज्याला नऊ चाळीसची मीटिंग, दहाची शिफ्ट किंवा दोन वाजताचा पेपर गाठायचाय, असा तिसरा माणूस या चित्रात क्वचित दिसतो.

जगभर गाजलेलं भिजणं म्हणजे १९५२ च्या 'सिंगिंग इन द रेन'मधला जीन केलीचा नाच. मी तो शंभरदा पाहिला असेल. प्रेमात पडलेला माणूस छत्री मिटतो, गटाराच्या पाण्यात उड्या मारतो. मग पोलीस समोर येऊन उभा राहतो. केली निघतो आणि जाता जाता हातातली छत्री समोरून येणाऱ्या एका माणसाला देऊन टाकतो. तो माणूस खांदे आखडून, भिजत चाललेला असतो. छत्री मिळताच ती उघडतो आणि घाईघाईने निघून जातो. बस, एवढंच त्याचं काम. पण बाबांचा प्रश्न लावून पाहिलं की मला आता हाच माणूस आधी दिसतो. अख्ख्या गाण्यात कुठेतरी पोचायची घाई असलेला तो एकटाच. केलीच्या आनंदाची लांबी-रुंदी कळते तीही त्याच्यामुळेच: तुला जी गोष्ट फेकून द्यावीशी वाटते, ती मला हवी आहे. दिग्दर्शकांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी छत्री रस्त्यावर पडू दिली नाही. म्हणून हे गाणं बाबांच्या कसोटीला निम्मं तरी उतरतं.

आपल्याकडे १९५५ च्या 'श्री ४२०' मधलं छत्रीचं गाणं घ्या. राज कपूर, नर्गिस आणि दोघांत एक छत्री. या छत्रीवर आजवर भरपूर लिहून झालंय. पण त्याच गाण्यात तीन लहान मुलं रेनकोट घालून, एकमेकांचे हात धरून पावसातून चालत जातात. राज कपूरचीच मुलं ती. गाण्यात त्यांचं काम प्रतीकाचं आहे: आपण नसू तेव्हा ही असतील. पण प्रतीक होण्याआधी ती व्यवस्थित रेनकोट घातलेली मुलं आहेत. घरातल्या कुणीतरी बटणं लावून दिली असणार. प्रेमिकांना अर्धं-अर्धं भिजण्याची मुभा आहे, मुलांना नाही. हा व्यवहारी विचार त्या स्वप्नाळू गाण्यात शिरला, म्हणून त्यातलं भविष्य मला खरं वाटतं.

आणि मग १९७९ चा, बासू चटर्जींचा 'मंझिल'. मुंबईच्या खऱ्या पावसात, खऱ्या रस्त्यांवर चालणारे अमिताभ आणि मौसमी. पावसाची इतकी साधी, इतकी सुंदर गाणी आपल्याकडे फार थोडी आहेत. पण अमिताभने सूट घातलाय, टायसकट. तो सूट चिंब भिजतो. आणि मी, ज्याच्याकडे मुलाखतीसाठी एकच सूट होता तो मी, गाणं ऐकता ऐकता विचार करतो की आता हा उद्या काय घालणार? गाणं यामुळे वाईट ठरत नाही. फक्त मला आता त्या सुटाचं वजनही जाणवतं. भिजणं सुंदर दिसतं, कारण त्याची पुढची सकाळ दाखवलेली नसते.

*

तिसरा माणूस मला सिनेमात सापडला नाही, तो एका जपानी छापचित्रात सापडला. हिरोशिगेने १८५७ साली एदोच्या शंभर स्थळांच्या मालिकेत एका पुलावरच्या अचानक आलेल्या सरीचं चित्र काढलं. पुढे १८८७ मध्ये व्हॅन गॉगने त्याची नक्कल रंगवली, त्यामुळे ते जगभर माहीत झालं. पूल लाकडी, पाऊस बारीक काळ्या रेघांचा. पुलावरचे लोक वाकून, झपाझप चाललेत. कुणी छत्रीखाली आहे, कुणी डोक्यावर चटई धरलीय. एकही जण आकाशाकडे तोंड करून उभा नाही. खाली नदीत एक माणूस ओंडक्यांचा तराफा ढकलत नेतोय, त्याच्या अंगावर गवताचा झूल आहे.

या झुलाला जपानीत 'मिनो' म्हणतात. वाळलेलं गवत एकावर एक थरांनी गुंफलेलं. पाणी एका काडीवरून दुसरीवर उतरत खाली गळतं, आत जात नाही, आणि काड्यांच्या फटींतून हवा खेळती राहते. म्हणजे शाकारलेलं छप्परच, पण अंगावर घालायचं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. माझ्या पाँचोचं तत्त्व हेच होतं, फक्त मी ते प्लॅस्टिकमध्ये विकत घेतलं होतं.

आणि हसता हसता आठवलं ते मामाचं गाव. मावळात, भातलावणीच्या दिवसांत, आजीच्या वेळच्या बायका इरलं घेऊन खाचरात उतरायच्या. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसवलेली पानं. इरलं डोक्यावरून पाठीवर उतरतं. वाकून लावणी करणाऱ्या माणसाची पाठ आभाळाकडे असते, म्हणून ते पाठीवर. पुढची बाजू उघडी, दोन्ही हात मोकळे. छत्री धरणाऱ्याचा एक हात अडकतो. इरलं हे दोन्ही हातांनी काम करणाऱ्या माणसासाठी केलेलं आहे. मला तर ती एक पूर्ण विचार केलेली रचना वाटते. शरीर कोणत्या कोनात आहे, हात काय करतायत, वारा कुठून हवाय, सगळ्याची उत्तरं त्यात आहेत.

इरल्याच्या जोडीला खोळ. घोंगडीची घाला, नाहीतर पोत्याची. गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की टोकदार टोपी तयार होते, बाकीचं पोतं पाठीवर. शिलाई नाही, खर्च नाही. पुढे प्लॅस्टिकचा कागद आला, तशी खोळ प्लॅस्टिकची झाली. मी दुकानात 'सायकलिंग पाँचो' मागत होतो तेव्हा माझ्या भाषेत त्याला शब्द होता, तो मला आठवलाच नाही. आठवला नाही, कारण खोळ म्हटलं की मला शेतमजूर दिसत होता आणि पाँचो म्हटलं की ॲमस्टरडॅम. वस्तू तीच, फक्त शब्द बदलून मी तिच्याकडे बघण्याची नजर विकत घेतली होती.

*

पावसाच्या साहित्याचा आपल्याकडचा मूळपुरुष कालिदास. 'मेघदूत' मी शांता शेळके यांच्या मराठी अनुवादातून वाचलं. आषाढ, रामगिरी (अनेकजण आपलं रामटेक ते हेच मानतात), विरही यक्ष. बाबांच्या कसोटीवर हे काव्य आपटणार असं मी गृहीत धरलं होतं. विरह, ढग, दूरची अलकानगरी, यात कपडे कोण वाळत घालणार?

पण परत वाचलं तर वेगळंच दिसलं. यक्ष ढगाला निरोप सांगण्याआधी रस्ता सांगतो. आणि रस्ता सांगताना आधी काय म्हणतो? थकलास की डोंगरमाथ्यांवर टेक. पाणी बरसून रिता झालास की नद्यांचं हलकं पाणी पी आणि मग पुढे जा. निरोप्याच्या दमण्याचा विचार निरोपाच्या आधी. अर्धं काव्य त्याच्या वाटेवरच खर्च होतं.

हे मला भिडलं ते एका प्रसंगामुळे. मागच्या जुलैत जोराची सर आली म्हणून मी एका उड्डाणपुलाखाली थांबलो होतो. पुण्यात पावसाळ्यात प्रत्येक पुलाखाली एक छोटं गाव वसतं, ते तुम्हाला माहीत असेल. माझ्याशेजारी सायकलवर डिलिव्हरी करणारा एक मुलगा होता, वीस-एकवीसचा. त्याच्या पाठीवरच्या खोक्यावर कव्हर होतं. फोन दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो स्वतः आपादमस्तक ओला, अंगाला चिकटलेला टीशर्ट.

मी विचारलं, "रेनकोट नाही का आणला भाऊ?"

"फाटला दादा. खोक्याचं कव्हर आहे ना, ते महत्त्वाचं. ऑर्डर कोरडी पाहिजे." मग हसून म्हणाला, "मी काय, वाळतो."

पाऊस थोडा कमी झाला, तसा तो निघाला. त्याला माझ्याएवढं थांबणं परवडत नव्हतं.

त्याच्या त्या दोन वाक्यांत कोरडेपणाची एक उतरंड होती. आधी ऑर्डर, मग फोन, मग माणूस. मी स्वतः ॲप लिहिणाऱ्यांतला आहे. डिलिव्हरीचं नव्हे, पण त्याच धाटणीचं. स्क्रीनवर सरकणारा ठिपका किती मिनिटांत पोचेल हे आम्ही नीट मोजतो. ठिपका ओला आहे का, याचा रकानाच आमच्या तक्त्यात नसतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका कवीने आपल्या निरोप्याच्या वाटेत विसावे आखून दिले होते. म्हणजे हा रकाना कवितेत होता, आणि तो नंतर कुठेतरी गळाला. माझ्या एकोणीस कवितांतून तर नक्कीच.

*

आता ते शीड. ऑगस्टमधली सकाळ, चांदणी चौकाजवळचा पूल. आडव्या वाऱ्याचा झोत आला आणि पाँचोचा पुढचा भाग उडून सरळ तोंडावर. दोन-तीन सेकंद मला काही दिसत नव्हतं. मागे ट्रकचा हॉर्न. ब्रेक दाबले, पण ओल्या रिमवर ब्रेक लगेच धरत नाहीत. सायकल कठड्याला घासून थांबली. कोपर सोललं, एवढंच. ते एवढंच राहिलं, हे नशीब.

रविवारी चिंचवडला घरी गेलो तेव्हा बाबांनी कोपर पाहिलं. सांगावं लागलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पाँचो मागवला, टोकं चाचपून पाहिली.

"पुढून कशाने धरतोस?"

"अंगठ्यात अडकवायच्या पट्ट्या आहेत. पण ब्रेक दाबताना मधे येतात, म्हणून मी वापरत नव्हतो."

"चिमटे लाव."

"कसले चिमटे?"

"कसले म्हणजे? कपड्यांचे. आम्ही काय लावायचो?"

आणि मला ते चिमटे दिसले. बाबांची निळी प्लॅस्टिकची खोळ, शाळेत जायच्या वेळी दारात उभी असलेली सायकल, आणि "दोन चिमटे आण रे" ही हाक. दोरीवरचे दोन लाकडी चिमटे काढून मीच आणून द्यायचो. बाबा ते खोळीच्या पुढच्या टोकांना लावून ब्रेकच्या केबलला अडकवायचे. कधीकधी ते मला शाळेला सोडायचे. मी त्यांना फाटकाच्या बऱ्याच अलीकडे थांबायला सांगायचो. पुढे चिखल आहे, असं कारण द्यायचो. पुढे चिखल नव्हता.

चिमटा ही इथे फार हुशार योजना आहे, हे मला आत्ता कळतं. तो साध्या वाऱ्यात धरून ठेवतो. पण माणूस पडला आणि कापडाला जोराचा हिसका बसला, तर तो सुटतो. माणूस कापडात अडकून सायकलबरोबर फरपटत नाही. आम्ही ऑफिसात याला फेल-सेफ म्हणतो आणि त्यावर डॉक्युमेंट लिहितो.

चिमट्यांमागोमाग दोरी आठवली. चिंचवडच्या दोन खोल्यांत पावसाळाभर स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत तीन दोऱ्या बांधलेल्या असायच्या. खोळ असली तरी बाबांची पँट गुडघ्याखाली भिजायचीच. युनिफॉर्मचे जोड दोन. आई अर्धवट ओल्या पँटवरून इस्त्री फिरवायची, वाफ निघायची, आणि दमट सुताचा वास घरभर राहायचा. माझी अभ्यासाची जागा मधल्या दोरीखाली होती. वहीवर कधी थेंब पडला तर मी खुर्ची सरकवायचो.

कॉलेजच्या अंकातली ती कविता मी तिथेच बसून लिहिली होती. बाबांच्या युनिफॉर्मखाली. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोक्यापासून दीड फुटावर टांगलेलं होतं, आणि मी वर बघितलं नव्हतं.

*

कुणी म्हणेल, म्हणजे आता भिजण्याच्या कविता लिहूच नयेत का? प्रत्येक गाण्यात रेनकोट आणि दोरी हवी का? नाही. मीही भिजतो, रविवारी, हौसेने, टेकडीवर. तो आनंद खोटा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की घरी कोरडा टॉवेल आणि कपाटात दुसरा जोड असेल तेव्हा तो आनंद होतो. ज्या कवितेला हे माहीत आहे, ती सांगो न सांगो, तिच्यात ते जाणवतं. केलीच्या छत्रीत ते जाणवतं, त्या तीन मुलांच्या रेनकोटात जाणवतं, कालिदासाच्या डोंगरमाथ्यांवर जाणवतं. माझ्या कवितांत जाणवत नाही, कारण तेव्हा मला ते माहीतच करून घ्यायचं नव्हतं.

आणि कोरडं राहण्यात पाऊस हरवतो असंही समजू नका. खोळीच्या आत पाऊस फार मोठ्याने वाजतो. चढावर सर कमी-जास्त होते ती कापडावरच्या आवाजातून कळते. झाडाखालून गेलं की थेंब जाडे होतात, पुलाखाली शिरलं की एकदम गप्प. हा पाऊस मी आधी कधी ऐकला नव्हता. कवितेचा ऐवज इथेही भरपूर आहे, तो फक्त अजून कुणी फारसा उचललेला नाही.

माझ्या हँडलच्या पिशवीत आता कायम दोन लाकडी चिमटे असतात. ऑफिसच्या लॉबीत मी पाँचो झटकतो तेव्हा कुणी ना कुणी विचारतं, "हे चिमटे कशाला?" मी दाखवतो. मागच्या आठवड्यात टेस्टिंग टीममधल्या एकीने फोटो काढून नेला, तिच्या वडिलांना पाठवायला. ते अजून सायकलने कामाला जातात म्हणाली.

विसावी कविता अजून झालेली नाही. झाली की आधी बाबांना दाखवीन. ते काय विचारतील ते आता माहीत आहे.